सायलेंट हंटर ३ : विनाशिका मागे लागल्यावर पाणबुडी कशी निसटवायची

सायलेंट हंटर ३ या संगणक खेळात तुम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचे कप्तान असता आणि शत्रूच्या जहाजांच्या ताफ्यावर हल्ला करता. तुमचा टॉर्पेडो जहाजाला लागला की बहुतेक जण क्रॅश डाइव्हची, म्हणजे तातडीने बुडी मारण्याची, ‘सी’ कळ दाबतात आणि पुढे काहीच करत नाहीत. इथेच घात होतो. या हुकुमाने पाणबुडी पूर्ण वेगात ७० मीटरच्या आसपास जाते आणि तिथेच राहते. आवाज दूरवर पोचतो, खोली मात्र डेप्थ चार्जच्या, म्हणजे पाण्यात टाकून ठरावीक खोलीवर फोडायच्या बॉम्बच्या, सहज टप्प्यातली. म्हणून पाणबुडी बुडायला लागताच १५०-१६० मीटरचा नवा हुकूम द्या. १०० मीटर ओलांडले की वेग २ नॉटवर आणा आणि ‘झेड’ दाबून सायलेंट रनिंग, म्हणजे आवाज न करता चालणे, चालू करा. टॉर्पेडो भरणे आणि दुरुस्ती दोन्ही तेव्हा बंद राहतात. जीव वाचेपर्यंत ते बंदच असलेले बरे.

आता शत्रूला काय ऐकू येते ते पाहू. ताफ्याच्या संरक्षक जहाजांकडे दोन साधने असतात : तुमचा आवाज टिपणारा हायड्रोफोन आणि स्वतः ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी पकडणारे ॲस्डिक. जहाज वेगात धावू लागले की स्वतःच्याच प्रॉपेलरच्या आवाजाने त्याचा हायड्रोफोन बहिरा होतो. त्यामुळे अंगावर धावून येणाऱ्या विनाशिकेपेक्षा दूर संथ उभे राहून ऐकणारे जहाज जास्त घातक. पाठलागात दोन जहाजे असतील तर पाणबुडीची शेपटी नेहमी या ऐकणाऱ्याकडे ठेवा. पाणबुडीची बाजू त्याच्यासमोर आली तर ॲस्डिकला मोठा पृष्ठभाग मिळतो. शेपटी किंवा नाक समोर असेल तर प्रतिध्वनी क्षीण होतो. ऐकणारा जागा बदलत राहतो, म्हणून हायड्रोफोनवाल्याकडून दर मिनिटाला दिशा घ्या आणि सुकाणू थोडे थोडे फिरवत राहा. या वेळी टाइम कंप्रेशन (खेळातला वेळ भराभर पुढे नेण्याची सोय) १ वरच हवे.

हल्ल्याचा क्षण ओळखायचा तो पिंगवरून, म्हणजे ॲस्डिकने सोडलेल्या ध्वनीच्या ठोक्यांवरून. जहाज जवळ येते तसे पिंग भराभर वाजतात आणि ते डोक्यावर आले की अचानक थांबतात, कारण ॲस्डिकचा झोत पुढच्या दिशेने जातो, थेट खाली नाही. तुम्ही जितके खोल, तितका हा संपर्क आधी तुटतो. साधा डेप्थ चार्ज सेकंदाला सुमारे ३ मीटर बुडतो. १५० मीटर गाठायला त्याला ५० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात २ नॉटने तुम्ही जेमतेम ५० मीटर सरकाल, ७ नॉटने १८० मीटर. पाणबुडीला वेग पकडायला वेळ लागतो, तेव्हा प्रत्यक्षात यापेक्षा कमीच धरा.

म्हणून पिंग थांबताच सुकाणू पूर्ण एका बाजूला टाका, पूर्ण वेग द्या आणि सोबत २०-३० मीटर खोली बदला. स्फोट सुरू असेपर्यंत पाणी ढवळलेले असते, कुणाला काही ऐकू येत नाही. शेवटचा स्फोट होण्याआधीच पुन्हा २ नॉटवर या. इंजिन दहा-वीस सेकंद जास्त चालू राहिले तरी पुढचा हल्ला नेमका तुमच्यावर येतो. दर वेळी एकाच बाजूला वळू नका.

१९४३ नंतर हे गणित बदलते. विनाशिकेवरचे हेजहॉग हे अस्त्र समोरच्या दिशेने २४ बॉम्ब फेकते, ॲस्डिकचा संपर्क न तोडता. पिंग थांबायची वाट पाहिलीत तर उशीर होतो. विनाशिका सरळ रेषेत येताना दिसली की सुमारे ५०० मीटरवरच वळायला घ्या. हे बॉम्ब पाणबुडीला लागल्याशिवाय फुटत नाहीत, म्हणजे नेम चुकला तर तुम्हाला स्फोटांचा आडोसाही मिळत नाही.

खोलीची हाव धरू नका. टाइप सात-सी या जातीची जर्मन पाणबुडी २०० मीटरच्या पुढे जाऊ शकते, पण सांगाडा दुखावलेला असेल तर तीच खोली काळ ठरते. पाणी आत शिरत असेल तर २ नॉटवर खोली टिकत नाही, पाणबुडी हळूहळू खाली जाते. खोलीच्या काट्यावर नजर ठेवा आणि गरज पडली तर थोडा वेळ ३-४ नॉट द्या. किनाऱ्याजवळच्या ५०-६० मीटर पाण्यात यातले जवळजवळ काहीच चालत नाही. तिथे हल्ल्याआधीच खोल पाण्याकडे जाणारी वाट नकाशावर आखून ठेवा.

निसटायची दिशा ताफ्याच्या उलट ठेवा. संरक्षकांना शेवटी ताफ्याकडे परतावेच लागते. पिंग थांबले म्हणून लगेच वर येऊ नका : इंजिन बंद करून थांबलेले जहाज तुमच्या हायड्रोफोनलाही ऐकू येत नाही. शेवटच्या आवाजानंतर तासभर खोलच राहा, मग हळू हळू पेरिस्कोपच्या खोलीवर या. नळी काही क्षणच पाण्याबाहेर काढा, एक पूर्ण फेरी पाहून घ्या आणि क्षितिज मोकळे असेल तरच पाण्यावर येऊन डिझेल इंजिन सुरू करा.