वकिलीचं दप्तर पुढच्या हाती देताना आधी काय करावं?

कोकणातल्या तालुक्याच्या गावी तीस-पस्तीस वर्षं वकिली केली की अर्धं दप्तर कपाटात असतं आणि अर्धं डोक्यात. कुठल्या वाडीतल्या सहहिस्सेदारांचं तोंडी वाटप कसं झालं, कुणाचा भाऊ मुंबईहून सहीला कधी येतो, हे फाईलमध्ये नसतं. मुलीकडे किंवा ज्युनिअरकडे काम सोपवायचं ठरलं की आपण पाटी आणि फर्निचरचा विचार आधी करतो. ते शेवटी करा.

पहिल्यांदा मुदतीच्या कामांची वेगळी वही घाला. चालू दाव्यांच्या तारखा ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर मिळतात, त्या उतरवण्यात वेळ घालवू नका. पण अजून दाखल न केलेलं अपील तिथे दिसत नाही. दिवाणी हुकूमनाम्यावर, म्हणजे दाव्याच्या निकालावर, जिल्हा न्यायालयात ३० आणि उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करावं लागतं. ती शेवटची तारीख लाल शाईने लिहा. तहसीलदार-प्रांतांकडचे फेरफाराचे वादही याच वहीत हवेत.

मग अशिलांची मूळ कागदपत्रं. माझ्या मते हे सगळ्यात मोठं काम, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, ते आठवा. खरेदीखत, जुनी वाटपपत्रं, मृत्युपत्र यांवर आपला हक्क नाही, ती विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. रोज पाच फाईली काढा, स्कॅन करा आणि मूळ कागद पोच घेऊन परत द्या. पावसाळ्याआधी हे उरका. उरलेले कागद तळमजल्यावर ठेवू नका.

डोक्यातलं उतरवायला कोर्टाच्या आधीचा अर्धा तास राखून ठेवा. रोज एकच दावा घ्या. तुम्ही बोला, ज्युनिअरने लिहावं. या अर्ध्या तासात फोन घेऊ नका.

अशिलांची गाठ घालून द्यायला गणपती, शिमगा आणि मे महिना सोडू नका, चाकरमानी तेव्हाच गावी असतात. अशील वारशाने मिळत नाही, त्याची पसंती विचारावी लागते. तो हो म्हणाला की दोघांच्या नावाचं नवं वकीलपत्र लगेच घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ नुसार वकिलाच्या मृत्यूबरोबर त्याचं वकीलपत्र संपतं. एकट्याच्या नावावर दावे ठेवणं म्हणजे अशिलाला उघड्यावर सोडणं.

फीचा हिशेब लेखी करा. घरातला वारस वकील नसेल तर त्याच्याशी फीची वाटणी ठरवू नका, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही.

शेवटचे काही महिने ज्युनिअरला उभं राहू द्या, तुम्ही मागच्या बाकावर बसा. बाहेर आल्यावर अशील पुढची तारीख कुणाला विचारतो, ते बघा. तुम्हाला सोडून तिला विचारू लागला, की पाटी रंगवायला टाका.