सोव्हिएत काळातलं जुनं फुटेज: तारीख आणि खरेपणा कसा तपासायचा

सुरुवातीला आवाज बंद करा. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत आघाडीच्या चित्रणात जे तोफांचे धडाके आणि 'उर्रा'च्या आरोळ्या ऐकू येतात, ते जवळजवळ सगळे नंतर स्टुडिओत चढवलेले आहेत. आघाडीवरच्या कॅमेरामनकडे सहसा चावी भरून चालणारा, हातात धरायचा कॅमेरा असे. त्यात 35 मिमी फिल्मचं 30 मीटरचं रीळ बसायचं आणि सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर ते जेमतेम 1 मिनिट 5 सेकंद चालायचं. त्यामुळे ओठांशी जुळणाऱ्या आवाजासकट रणांगणावरचा लांबलचक सलग शॉट दिसला, की शंका घ्यायलाच हवी. शिवाय निवेदन कानावर पडत असलं, की डोळे तेच पाहतात जे निवेदक सांगतो.

मग मिळेल तितकी चांगली प्रत शोधा. यूट्यूबवरच्या प्रती बऱ्याचदा 16:9 या रुंद पडद्याच्या मापात ताणलेल्या असतात. गाडीचं चाक लंबगोल दिसलं की समजा. मूकपटांच्या काळातलं चित्रण सेकंदाला 16 ते 20 फ्रेमच्या आसपास असे. ते 24 ने चालवलं की लेनिनच्या सभेतली माणसं तुरूतुरू पळतात. वेग कमी करून पाहिलं तरच हावभाव नीट कळतात. चित्राची डावी कड कापलेली वाटली, तर ती बहुधा नंतर ध्वनिपट्टीसाठी जागा करून काढलेली प्रत आहे. प्रत आरशासारखी उलटी छापली गेल्याचंही आढळतं. 'सोव्हिएत संघाचा वीर' हा सोनेरी तारा छातीच्या डाव्या बाजूला लावतात, म्हणजे समोरून तो आपल्या उजव्या हाताला दिसायला हवा.

आता तुकडा फ्रेमगणिक पाहा. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाची दाबली की मागे. प्रत्येक शॉटसाठी वहीत एक ओळ ठेवा: सुरुवातीची वेळ, लांबी, जागा, ऋतू, गणवेश, वाहनं, ओळखू आलेली माणसं. संकलनात वेगवेगळ्या वर्षांचे शॉट शेजारी बसवलेले असतात, म्हणून तारीख प्रत्येक शॉटची वेगळी काढावी लागते. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: एका शॉटची तारीख सापडते आणि ती अख्ख्या फिल्मला चिकटवली जाते.

मॉस्कोच्या लाल चौकातलं चित्रण असेल तर काम सोपं होतं, कारण तिथे इमारतीच तारीख सांगतात. लेनिनची समाधी 1924 पासून लाकडी होती. ग्रॅनाइटची 1930 च्या अखेरीला तयार झाली. क्रेमलिनच्या मनोऱ्यांवर झारच्या काळातले दोन डोक्यांचे गरुड 1935 च्या शरदापर्यंत होते. मग रत्नं जडवलेले तारे आले आणि 1937 मध्ये आतून उजळणारे माणिकरंगी काचेचे. म्हणजे समाधी ग्रॅनाइटची आणि मनोऱ्यावर गरुड, असं एका फ्रेममध्ये दिसलं तर शॉट 1930 ची अखेर ते 1935 या काळातलाच. समाधीवर एकाखाली एक दोन नावं दिसली तर मार्च 1953 ते ऑक्टोबर 1961, कारण तेवढाच काळ स्टॅलिनचा देह आत होता.

गणवेशाचा सगळ्यात उपयोगी टप्पा म्हणजे जानेवारी 1943. तोवर हुद्द्याची चिन्हं कॉलरवर असत. तेव्हा खांद्यावरच्या पट्ट्या परत आल्या. 1941 च्या म्हणून दाखवलेल्या लढाईत खांद्यावर पट्ट्या दिसल्या, तर तो शॉट नंतरचा. उलट बाजूने मात्र घाई नको: बदल व्हायला काही महिने लागले, त्यामुळे फेब्रुवारी 1943 मध्ये जुन्या गणवेशातले सैनिक दिसणं स्वाभाविक आहे. रणगाड्यांतही असंच. मोठ्या बुरुजाचा, 85 मिमी तोफेचा टी-34 हा 1944 च्या आधी नाही. अवजड टीबी-3 विमानाच्या पंखांवरून घसरत उड्या मारणारे छत्रीधारी सैनिक हे 1930 च्या दशकातल्या युद्धसरावांतले; ते दृश्य युद्धपटांत सर्रास वापरलं जातं.

यानंतर खरा कस लागतो: शॉट प्रत्यक्ष घटनेचा, की घटनेनंतर पुन्हा घडवलेला? कॅमेरा कुठे उभा आहे ते बघा. हल्ला करणारे सैनिक समोरून धावत येत असतील, तर कॅमेरामन शत्रूच्या बाजूला उभा आहे. एकच स्फोट दोन बाजूंनी दिसला, तर तयारी आधीच झालेली होती. स्टालिनग्राडच्या वेढ्यात 23 नोव्हेंबर 1942 ला दोन सोव्हिएत सैन्यदळं कलाचजवळ भेटली. गळाभेटीचं जे प्रसिद्ध चित्रण आहे ते काही दिवसांनी कॅमेऱ्यासाठी पुन्हा घडवलेलं आहे. ऑक्टोबर क्रांतीतल्या हिवाळी राजवाड्यावरच्या हल्ल्याचं प्रत्यक्ष चित्रण नाहीच. ती धावती गर्दी बहुतेक वेळा दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या 'ऑक्टोबर' या 1928 च्या कथापटातली असते.

सरावासाठी लाल चौकातलं 7 नोव्हेंबर 1941 चं लष्करी संचलन घ्या. ते नेहमीपेक्षा लवकर, सकाळी 8 ला सुरू झालं आणि स्टॅलिनचं भाषण आवाजासकट टिपता आलं नाही. मग क्रेमलिनच्या एका सभागृहात समाधीच्या कठड्याची लाकडी नक्कल उभारून ते पुन्हा चित्रित केलं. चौकात बर्फ पडतंय, पण बोलताना स्टॅलिनच्या तोंडातून वाफ निघत नाही. हे दोन शॉट शेजारी ठेवून पाहिले की नजर तयार होते. म्हणून चित्रण फेकून देऊ नका. भाषण झालं हे खरं, संचलन खरं. फक्त चेहऱ्याचे शॉट सभागृहातले, एवढं वहीत लिहा.

मूळ प्रतीपर्यंत जायचं तर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमधलं चित्रपट-छायाचित्र अभिलेखागार हे मुख्य ठिकाण. शोधताना इंग्रजी शब्दांवर थांबू नका. 'किनोख्रोनिका' (वृत्तचित्रण), 'किनोझुर्नाल' (वृत्तपट) हे शब्द, गावाचं नाव आणि वर्ष रशियन लिपीत टाका. अनुवादाच्या अ‍ॅपमधून ती अक्षरं सहज मिळतात. रशियन सूचींमध्ये अनेकदा शॉटनिहाय वर्णन असतं. त्याची तुमच्या वहीशी तुलना करा, पण सूचीही निवेदनावरून लिहिलेली असू शकते, म्हणून गणवेश आणि इमारतींचा पुरावा वरचढ धरा.

घटना दुसऱ्या देशाच्या कॅमेऱ्यानेही टिपली असेल तर ती प्रत जरूर मिळवा. 22 सप्टेंबर 1939 ला तेव्हाच्या पोलंडमधल्या ब्रेस्टमध्ये जर्मन आणि सोव्हिएत सैन्य एकत्र आलं, जर्मन सेनानी गुडेरियन आणि सोव्हिएत सेनानी क्रिवोशेइन शेजारी उभे राहिले; ते दृश्य जर्मन वृत्तपटात आहे. आपल्यासाठी सोयीचं उदाहरण म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर 1955 चा सोव्हिएत नेते बुल्गानिन-ख्रुश्चेव्ह यांचा भारतदौरा. ते मुंबईलाही आले होते, आणि तिथले रस्ते, इमारती ओळखायला रशियन यावं लागत नाही.

शेवटी प्रत्येक शॉटपुढे चारपैकी एक शेरा लिहा: प्रत्यक्ष, पुन्हा घडवलेला, कथापटातला, अनिश्चित. शेऱ्याशेजारी तो कशावरून दिला तेही हवं, म्हणजे उद्या चांगली प्रत सापडली की नेमकं काय बदलायचं ते कळेल.