डायजेस्टर आंबण्याआधी कळावं म्हणून

प्रेसमडवर, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळावर, चालणाऱ्या बायोगॅस प्रकल्पाची लॅब मी सांभाळते. पंप, मिक्सर, तापमान सगळं कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसतं. ज्यांच्या जिवावर गॅस येतो ते जंतू मात्र दिसत नाहीत. आम्ल बनवणारे जंतू तासांत वाढतात, मिथेन बनवणाऱ्यांना दुप्पट व्हायला दिवस लागतात. फीड एकदम वाढवलं की आम्ल साचतं आणि डायजेस्टर, म्हणजे गॅस तयार होते ती बंद टाकी, आंबतो.

दोन हंगामांपूर्वी आमचा असाच आंबला. पीएच प्रोब 7.2 दाखवत होता. बाहेर काढला तर त्यावर उसाच्या मेणाचा थर! सावरायला पाच आठवडे गेले. तसं पाहिलं तर स्वच्छ प्रोबही उशिराच बोलतो, कारण टाकीतली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल सामावून घेण्याची ताकद, सुरुवातीचं आम्ल पचवून घेते. म्हणून आंबण्याचा इशारा आधीच देणारं एआय मॉडेल करायचं ठरवलंत तर सुरुवात ब्युरेटपासून करा, म्हणजे लॅबमधल्या आम्ल मोजून सोडायच्या काचेच्या नळीपासून.

रोज एकाच वेळी, एकाच व्हॉल्व्हमधून नमुना घ्या. गाळून 20 मिली घ्या आणि 0.1 नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाने टायट्रेट करा, म्हणजे ते थेंबाथेंबाने सोडत पीएच बघत राहा. पीएच 5.0 पर्यंत किती मिली लागलं आणि तिथून 4.4 पर्यंत आणखी किती, हे वेगवेगळं लिहा. पहिल्या आकड्याला 250 ने गुणलं की अल्कलिनिटी मिळते. दुसऱ्याला 1.66 ने गुणा, 0.15 वजा करा, मग 500 ने गुणा, हे आम्ल. समजा 40 मिली आणि 5 मिली लागलं, तर 10,000 आणि 4,075, म्हणजे आम्ल भागिले अल्कलिनिटी हे गुणोत्तर 0.41. आमच्याकडे 0.3 च्या आसपास निवांत असतं, 0.4 ओलांडलं की मी ऑपरेटरदादांना फोन करते.

हे गुणोत्तर तीन दिवस आधी सांगणं, एवढंच काम मॉडेलला द्या. रोजच्या ओळीत फीडचे टन, त्यातले घन पदार्थ, तापमान, गॅस आणि मिथेनचं प्रमाण हवंच. शिवाय प्रेसमड किती दिवसांचा आहे तेही लिहा. उघड्यावरचा ढीग आतून तापतो, त्यातलं सेंद्रिय द्रव्य तिथेच संपत जातं. टन तेवढेच, गॅस कमी. ही गोष्ट कुठलाच सेन्सर सांगत नाही, ती यार्डातल्या माणसाला विचारावी लागते.

सुरुवातीला साधं रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णय-वृक्षांचा एकत्र कौल घेणारं मॉडेल) पुरतं. चाचणी घेताना दिवस पत्त्यांसारखे पिसू नका. कालचा आणि उद्याचा दिवस शिकवून आजचा विचारला तर मॉडेल उगाच हुशार दिसतं. आधीच्या हंगामांवर शिकवा, पुढच्या हंगामावर तपासा. पीएच प्रोब दर आठवड्याला धुऊन 4 आणि 7 च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर) जुळवून घ्या, आणि ती तारीखही नोंदवा.

इशारा आला की आधी पुन्हा टायट्रेशन. तेही चढं आलं तर आम्ही फीड तिसऱ्या हिश्श्याने कमी करतो आणि तापमान 37 अंशांजवळ आहे ना ते बघतो. फीडचा पंप मॉडेलच्या हाती दिलेला नाही, देणारही नाही.

गळीत संपून फीड साठवलेल्या प्रेसमडवर किंवा नेपियर गवतावर गेलं, की महिनाभर इशारे फक्त वहीत लिहा आणि ब्युरेटच्या आकड्याशी ताडून बघा. तोवर त्यांच्या भरवशावर व्हॉल्व्ह हलवू नका.