बेटावर पाव्हणे न्यायच्या आधी

कोल्हापुरातून मालवणला सहली काढणारी पोरं माझ्याकडं येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: अमक्या बेटावर बघायला काय आहे? मी सांगतो, ते शेवटी. आधी वैशाखात जा आणि विहिरीत डोकावा.

छोट्या बेटावरचं गोडं पाणी म्हणजे मुरलेला पाऊस. बऱ्याच ठिकाणी तो खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की खारं पाणी वर चढतं आणि विहीर मचूळ होते. सिंधुदुर्ग किल्ल्यात भर समुद्रात दूधबाव, दहीबाव, साखरबाव आहेत, म्हणून तिथं वस्ती राहू शकली. पाण्याची चव स्वतः घ्या. संध्याकाळी किती घागरी काढल्या तर सकाळपर्यंत विहीर पुन्हा भरते, ते पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा. त्यातून गावाचं आणि गुरांचं पाणी वजा करा. उरेल ते पाव्हण्यांचं. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल, तर तो हलवल्याशिवाय पुढं जाऊच नका.

मग होड्या. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात जाऊन ओहोटीला होडी धक्क्यापासून किती लांब थांबते ते बघा; म्हाताऱ्या माणसाला तेवढं पाण्यातून चालवेल का? भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तास पुढं सरकते, त्यामुळं एसटीसारखं कायमचं वेळापत्रक इथं चालत नाही. रात्री कुणाला छातीत दुखलं तर काय करता, हेही विचारा. 2019 च्या महापुरात कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीकरांना होडीची वाट बघणं म्हणजे काय ते कळलं; बेटावरची माणसं तशीच बारा महिने जगतात.

पाणी, होड्यांतल्या जागा, संडास यांपैकी जे सगळ्यात कमी माणसांना पुरेल, तोच दिवसाचा आकडा धरा. सरासरी काढू नका.

पैशाचा हिशेब करताना एक गोष्ट हमखास सुटते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्याही थांबतात. म्हणजे दोन्ही कमाया एकदमच बंद. पर्यटन ही पोकळी भरून काढेल असं गावाला सांगू नका, ते खरं नाही. उरलेल्या महिन्यांतही पाव्हण्यानं दिलेल्या हजार रुपयांचा माग काढा: होडी कुणाची, तांदूळ-भाजी कुठली, स्वयंपाक कुणी केला? बहुतेक पैसा मालवणात आणि आपल्या कोल्हापुरात परतत असेल, तर ती सहल बेटाच्या काय कामाची?

बायकांशी वेगळं बसून बोला. रांधणं, धुणी, पाणी सगळं त्यांच्याच अंगावर पडणार आहे. कुठल्या जागी परकं माणूस नको, तेही त्याच सांगतील.

आता बघायच्या जागा लिहा. सिंधुदुर्ग किल्ल्यात राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं शिवराजेश्वर मंदिर कोल्हापूरकराला वेगळं पटवून द्यावं लागत नाही. तुमचा आकडा गावाच्या बैठकीत मांडा. गाव निम्मा म्हणालं, तर निम्माच धरा.