सिलिकॉन-ग्रॅफाइट अॅनोड टिकत नाहीये? पावडर बदलायच्या आधी या चुका टाळा

लिथियम-आयन बॅटरीच्या सिलिकॉन मिसळलेल्या ग्रॅफाइट अॅनोडला (ऋण इलेक्ट्रोडला) पहिल्या सायकलला, म्हणजे एका चार्ज-डिस्चार्जला, ६५० एमएएच (मिलिअँपिअर-तास) प्रति ग्रॅम कॅपॅसिटी आली की लॅबमध्ये सगळे खूश, ग्राफ लगेच ग्रुपवर जातो, आणि पन्नासाव्या सायकलला तोच सेल ३५० वर येऊन बसतो. मग सुरू होतं, सिलिकॉनच खराब आलंय, सप्लायर बदलू, कार्बन कोटिंग बदलू. मी यात जवळपास एक वर्ष घालवलंय म्हणून कळकळीने सांगते, आधी बाकीचं तपासा.

हा आकडा निम्मा का होतो ते आधी बघा. ग्रॅफाइटची थिअरॉटिकल कॅपॅसिटी ३७२, सिलिकॉनची साधारण ३५८०. म्हणजे ९० टक्के ग्रॅफाइटमध्ये १० टक्के सिलिकॉन घातलं की हिशोबाने ६९० च्या आसपास येतं, आणि त्यातलं निम्मं एकट्या त्या १० टक्क्यांचं असतं. लिथियम आत गेलं की सिलिकॉन फुगून जवळपास चौपट होतं, ग्रॅफाइट फक्त १० टक्के फुगतं. त्यामुळे सिलिकॉनचा कण तडकून बाजूच्या कार्बनपासून सुटला की तो वजनात असतो पण कामात नसतो.

हाफ सेलवर आंधळा विश्वास

ही सगळ्यात मोठी चूक, आणि पेपर वाचतानाही हीच होते. हाफ सेलमध्ये कॅथोडच्या (धन इलेक्ट्रोडच्या) जागी समोर लिथियम मेटलची चकती असते, अर्धा मिलिमीटर जाड म्हटली तरी एका चौरस सेंटीमीटरला १०० एमएएचच्या वर लिथियम आहे आणि आपल्या इलेक्ट्रोडला लागतं २-३. म्हणजे दर सायकलला अॅनोडवरच्या थरात, म्हणजे एसईआयमध्ये, लिथियम अडकत गेलं तरी समोरून भरपाई होत राहते आणि कॅपॅसिटीची रेघ सरळ दिसते. खऱ्या बॅटरीत सगळं लिथियम कॅथोडमधून येतं, गेलं ते गेलं.

म्हणून कॅपॅसिटीपेक्षा कूलॉम्बिक एफिशियन्सी, म्हणजे आत गेलेल्या लिथियमपैकी किती परत बाहेर आलं ते, बघा, आणि ती दशांशापर्यंत बघा. ९९.५ टक्के ऐकायला छान वाटतं ना, दर सायकलला तेवढंच उरत गेलं तर १०० सायकलला ६०.६ टक्के राहतं. ९९.९ असेल तर ५०० सायकलला तेवढंच. ५०० सायकलनंतर ८० टक्के उरायला हवं असेल तर सरासरी ९९.९६ च्या आसपास लागते. ग्राफचा अक्ष ० ते १०० ठेवला तर हा फरक डोळ्याला दिसतच नाही, ९९ ते १०० ठेवा.

आणि नवीन मुलांसाठी एक, पहिल्याच सायकलला एफिशियन्सी १२० टक्के दिसली तर घाबरू नका, भागाकार उलटा झालाय. हाफ सेलमध्ये अॅनोडमध्ये लिथियम घालणं म्हणजे डिस्चार्ज, बाहेर काढणं म्हणजे चार्ज, त्यामुळे चार्ज भागिले डिस्चार्ज करायचं.

जितकं नॅनो तितकं चांगलं?

साधारण १५० नॅनोमीटरच्या खाली सिलिकॉनचा कण तडकत नाही हे खरं आहे, पण कण जितका बारीक तितका पृष्ठभाग जास्त, जितका पृष्ठभाग जास्त तितका एसईआय जास्त आणि तितकं लिथियम पहिल्याच सायकलला गेलं. कण फुटला नाही तरी फुगतो-आकसतो, वरचा थर फाटतो, खालचा ताजा पृष्ठभाग इलेक्ट्रोलाइट खातो, परत थर बनतो. यासाठीच इलेक्ट्रोलाइटमध्ये एफईसी (फ्लुरोइथिलीन कार्बोनेट) घालतात, त्याने थर घट्ट बनतो. पण तो दर सायकलला थोडा थोडा संपतो, आणि संपला की कॅपॅसिटी एकदम कोसळते. आधी बरा चाललेला सेल अचानक घसरला तर एफईसी संपल्याची शंका आधी घ्या.

बाइंडर

बाइंडर म्हणजे कणांना एकमेकांना आणि फॉइलला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. सवयीने पीव्हीडीएफ हा बाइंडर वापरणारे अजून खूप आहेत. ग्रॅफाइटला तो चालतो, सिलिकॉनला नाही, कारण त्याची पकड कमजोर आहे आणि इलेक्ट्रोलाइटमध्ये तो मऊ पडतो. सिलिकॉनच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यावरच्या ओएच गटांना सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) किंवा पॉलिअॅक्रिलिक अॅसिड या बाइंडरचे कार्बॉक्सिल गट धरून ठेवतात. सीएमसीची स्लरी (फॉइलवर लावायचं पातळ मिश्रण) सायट्रिक अॅसिड बफरने पीएच ३ ला नेली तर ही पकड आणखी पक्की होते. उलट पीएच वर गेला तर सिलिकॉन पाण्याशी रिअॅक्ट होऊन हायड्रोजन सोडतं. आमच्याकडे एकदा रात्रभर ठेवलेल्या स्लरीला सकाळी फेस होता आणि फॉइलवर बारीक बारीक खड्डे, आम्ही मिक्सरला दोष देत बसलो. एसबीआर (रबराचं इमल्शन, हाही बाइंडरच) वापरत असाल तर शेवटी घाला आणि हळू फिरवा, जोरात फिरवलं की इमल्शन फुटतं.

पाण्यातली स्लरी म्हणजे वाळवण आलंच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्या-मुंबईच्या हवेत इलेक्ट्रोड ओव्हनमधून काढून टेबलावर दहा मिनिटं ठेवला तरी तो ओलावा धरतो, ओलावा आणि इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट मिळून एचएफ (हायड्रोफ्लोरिक अॅसिड) बनतं आणि ते एसईआय खातं. पावसाळ्यातल्या बॅचेस वाईट येतात असं लॅबमध्ये कुणी म्हणत असेल तर हसू नका. रात्रभर व्हॅक्यूममध्ये १२० अंशांवर वाळवा आणि शक्यतो तिथून थेट ग्लोव्हबॉक्समध्ये (ओलावा नसलेल्या बंद पेटीत) न्या.

लिथियम आत घालताना जिथे थांबायचं तो खालचा व्होल्टेज कटऑफ ५ मिलिव्होल्ट ठेवणं हीसुद्धा सवयच. ५० मिलिव्होल्टच्या खाली सिलिकॉनमध्ये क्रिस्टलाइन फेज तयार होतो आणि ताण वाढतो. ५० ला थांबून बघा, थोडी कॅपॅसिटी जाईल पण आयुष्य वाढेल. लोडिंगचंही, म्हणजे इलेक्ट्रोडवर किती माल लावलाय त्याचंही, तसंच, चौरस सेंटीमीटरला अर्धा मिलिग्रॅम लावून २०० सायकल काढणं सोपं आहे, २-३ एमएएच लावून काढा, मग बोलू.

एवढं करूनही सेल मेला तर फेकू नका. लिथियम पूर्ण बाहेर काढलेल्या अवस्थेत ग्लोव्हबॉक्समध्ये उघडा. कोटिंग सेपरेटरला (दोन इलेक्ट्रोडमधल्या पडद्याला) चिकटून आलं तर पकडीचा प्रॉब्लेम आहे. कोटिंग जागेवर आहे पण लिथियमची चकती काळी, भुसभुशीत झालीय, तर तोच इलेक्ट्रोड नवी चकती, नवा सेपरेटर, ताजं इलेक्ट्रोलाइट घालून परत बंद करा आणि सावकाश, सी बाय २० ला (२० तासांत पूर्ण भरेल इतक्या करंटला), एक सायकल चालवा. कॅपॅसिटी परत आली तर तुमचा अॅनोड मेलेला नव्हताच.