ट्रेलर पंपावर, आम्ही ॲम्ब्युलन्समध्ये

साताऱ्याहून पुण्याला येताना बोगदा ओलांडला आणि ह्यांची जीभ एकदम जड झाली. गाडी मी चालवत होते, मागे आमचा कॅरव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीला जोडून ओढायचं चाकांवरचं छोटं घर. "दात दाखवा बघू," म्हटलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात वर ठरेना.

पक्षाघात! पुढच्या पेट्रोल पंपावर वळले, १०८ ला फोन लावला, सीटी स्कॅन असलेलंच रुग्णालय हवं म्हणून सांगितलं. त्रास कधी सुरू झाला ती वेळ तळहातावर लिहिली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देतात, त्यामुळे डॉक्टर आधी तेच विचारतात. पंपावरचे एक काका ॲस्पिरिन देऊ म्हणत होते. दिली नाही. मेंदूत रक्तस्राव असेल तर ती घातक, आणि स्कॅनशिवाय ते कळत नाही. पाणीही नाही, ठसका लागतो.

ट्रेलर? चाकांना दगड, सिलिंडरचा कॉक बंद, किल्ली मॅनेजरकडे. भाऊजींना ट्रेलर ओढायची सवय नाही, त्यांनी हुक सोडवून नुसती गाडी आणली.

इंजेक्शन वेळेत मिळालं. बोलणं बरंच सुधारलंय, हाताला फिजिओथेरपी चालू आहे.