मार्करचा सिअर परत परत तुटतोय? या चुका टाळा

मागच्या थंडीत आमच्या पेंटबॉल ग्रुपच्या एकाच मार्करने, म्हणजे पेंटबॉलच्या बंदुकीने, तीन सिअर खाल्ले (सिअर म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत बोल्ट अडवून धरणारा छोटा पार्ट). पहिला जुना होता, झिजला, सोडून द्या. पण दुसरा अंबडच्या एका वर्कशॉपमधून मुद्दाम करून आणलेला, तिसऱ्याच रविवारी टोकाचा टवका उडाला आणि आम्ही सगळे त्या कारागिराच्या नावाने बोटं मोडत बसलो. चूक त्याची अर्धीसुद्धा नव्हती.

टिपमन ९८ सारख्या ब्लोबॅक मार्करमध्ये मागचा बोल्ट (आत पुढेमागे सरकणारा धातूचा तुकडा) सिअरच्या नखाएवढ्या कडेला अडकून थांबतो, ट्रिगर ओढला की सुटतो, आणि त्याच फायरच्या गॅसने परत मागे ढकलला जातो. गॅस कमी पडला तर तो पुरता मागे येत नाही, सिअर अर्धवट पकडतो न् सुटतो, परत पकडतो, परत सुटतो, म्हणजे ट्रिगर एकदाच ओढलाय आणि मार्कर आपलं फटफटफट चालूच. पोरांना वाटतं भारी, ऑटोमॅटिक झाली! अरे बाबांनो, सिअर मार खातोय तो तिथे.

आता आपल्या नाशिकची थंडी धरा. मार्करला गॅस मिळतो तो सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) टाकीतून, आणि तिच्यातलं प्रेशर २० अंशाला साधारण ५७ बार असतं, १० अंशाला ४५ च्या आसपास येतं. आम्ही टाक्या रात्रभर गाडीच्या डिकीत ठेवायचो आणि सकाळी सातला गंगापूर रोडला खेळायला हजर, मग दुसरं काय होणार. टाकी घरात ठेवा, ऊन वर आल्यावर खेळा, भराभर फायर करू नका कारण त्यानेही टाकी गार पडते. फटफट सुरू झाली की लगेच थांबा. (टाकी हीटरपुढे धरायचा शहाणपणा मात्र चुकूनही नको.)

दुसरी चूक म्हणजे फक्त तुटलेला पार्ट बदलणं. गॅस काढून मार्कर उघडला तेव्हा दिसलं की बोल्टची कडच गोल झालीय, नख फिरवलं तर सटकत होतं. अशा बोल्टवर नवा सिअर काय टिकणार? बोल्टची ओ-रिंगही (गॅस अडवणारी रबरी रिंग) चपटी झालेली, तिथून गॅस निसटला तरी हेच होतं. वर एका मित्राने जास्त पॉवरसाठी कडक स्प्रिंग टाकून ठेवलेली, ती आधी काढून फेकली.

आणि वर्कशॉपमध्ये आम्हीच सांगितलेलं, ‘दादा, चांगलं कडक पाणी द्या’. पाणी दिलं, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक केलं, पण त्यानंतर टेंपरिंग (परत थोडं तापवून ठिसूळपणा कमी करणं) सांगितलंच नाही, मग कड काचेसारखी उडणारच. सिअरचा आतला कोपराही काटकोनात नको, थोडा गोल ठेवायला सांगा, चीर तिथूनच जाते. लई कडक केला तर उलट तो बोल्ट खातो, आणि बोल्ट सिअरपेक्षा महाग.

चौथा सिअर जानेवारीत टाकला, नव्या बोल्टसकट. परवा उघडून नख लावून बघितलं, कड अजून टोचते.